‘ड्राय आउट’ : एका इंग्रजी जोडक्रियापदाचा अर्थ

इंग्रजी भाषा शिकणाऱ्या मराठी माणसाला त्या भाषेंतील लांबलचक शब्दांचा त्रास फारसा होत नाहीं. लॅटिन व ग्रीक भाषांतून आलेले ते भारदस्त शब्द एकदां कोशांत पाहिले कीं काम भागतें. त्याची खरी फजिती होते ती तीन-चार अक्षरांच्या घरगुती क्रियापदांपाशीं. ‘पुट’ म्हणजे ठेवणें हें शाळेंत पहिल्याच वर्षीं कळतें. परंतु त्याच क्रियापदापुढें ‘आउट’ हें अव्यय आलें कीं दिवा मालवला जातो, ‘ऑफ’ आलें कीं सभा पुढें ढकलली जाते, आणि ‘अप विथ’ अशी जोडी आली कीं मनुष्य निमूटपणें सोसूं लागतो. क्रियापद व अव्यय यांच्या संयोगानें होणाऱ्या अशा प्रयोगांना जोडक्रियापदें म्हणतां येईल. त्यांपैकीं ‘ड्राय आउट’ हें जोडक्रियापद इंग्रजी वर्तमानपत्रांत, कादंबऱ्यांत आणि चित्रपटांच्या संवादांत वारंवार भेटतें. बहुतेक शब्दांचा अर्थ चुकला तर वाक्य तेवढें बिघडतें. या शब्दाचा अर्थ अक्षरशः खरा मानला तर तें एखाद्याच्या जिवावर बेतूं शकतें.

‘ड्राय’ म्हणजे वाळणें, सुकणें किंवा वाळविणें. त्याच्यापुढें येणारीं तीन अव्ययें त्या वाळण्याला तीन निराळे अर्थ देतात. स्नान करून आलेला मनुष्य पंचानें अंग कोरडें करतो, तेथें ‘ड्राय ऑफ’. ओल अंगावर होती, ती निघाली. (गाय विण्यापूर्वीं तिचें दूध काढणें बंद करून तिला आटवितात, त्या क्रियेलाही विलायतेंतील गवळी हेंच जोडक्रियापद लावतात.) विहिरीचा झरा आटला, कोणाची मिळकत थांबली, किंवा रंगभूमीवर उभ्या असलेल्या नटाला ऐन वेळीं पुढचें भाषण आठवेना, तर तेथें ‘ड्राय अप’, जें वाहत होतें तें थांबलें. ‘ड्राय आउट’ मात्र जिच्यांत ओल आंतपर्यंत मुरलेली आहे अशा वस्तूविषयीं म्हणतात. पुराच्या पाण्यांत उभी राहिलेली भिंत, पावसांत सांपडलेलें पुस्तक, ओलें लांकूड, कुंडींतील माती, यांना हा शब्द शोभतो. ‘आउट’ या अव्ययांत बाहेर पडण्याचा अर्थ आहे आणि क्रिया शेवटास गेल्याचाही आहे. आंतली ओल बाहेर आली आणि आतां कांहीं उरलें नाहीं, असें तें सांगतें.

याच चित्रावरून पुढचा अर्थ निघाला. अतिशय मद्यपान करणारा मनुष्य इंग्रजी भाषेच्या दृष्टीनें भिजलेला असतो. अट्टल मद्यप्याला त्या भाषेंत ‘सोक’, म्हणजे भिजत घातलेला, असें नांवच आहे. अशा माणसाला कांहीं दिवस दारूपासून दूर ठेवणें, आणि त्याचें शरीर तिच्यावांचून चालूं लागेपर्यंत त्याला बहुधा एखाद्या रुग्णालयांत किंवा तशा संस्थेंत सांभाळणें, याला ‘ड्राय आउट’ म्हणतात. अमेरिकेंत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. त्या काळांत, आणि त्याच्या आधींही, बंदीच्या पुरस्कर्त्यांना ‘ड्राय’ व विरोधकांना ‘वेट’ म्हणत. निवडणुकीस उभा राहणारा उमेदवार ओला कीं कोरडा हा मतदारांचा पहिला प्रश्न असे. आपल्याकडील ‘ड्राय डे’ हा शब्द याच कुळांतला. दारू सोडलेला मनुष्य ‘ऑन द वॅगन’ असतो, म्हणजे पाण्याच्या गाडीवर बसलेला असतो, या अमेरिकन वाक्प्रचाराची मौज अशी कीं शहरांतील धुळीचे रस्ते शिंपडीत जाणारी ती गाडी पाण्यानें कांठोकांठ भरलेली, आणि तिच्यावर बसलेला मनुष्य मात्र कोरडा.

या प्रयोगाचें व्याकरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तो अकर्मक आहे आणि सकर्मकही आहे. ‘ही इज ड्राइंग आउट’ म्हणजे तो मनुष्य दारू तुटण्याच्या पहिल्या दिवसांत आहे. ‘दे ड्राइड हिम आउट’ म्हणजे दुसऱ्यांनीं त्याला त्या दिवसांतून पार नेलें. कर्म सर्वनाम असेल तर तें क्रियापद व अव्यय यांच्या मध्येंच येतें. ‘ड्राइंग-आउट’ असें जोडून लिहिलें कीं त्याचें विशेषण होतें आणि तें उपचारगृहाला लागतें. शब्द बोलीचा आहे. डॉक्टर तो रुग्णाच्या कागदावर लिहीत नाहीं. तेथें तो ‘डिटॉक्सिफिकेशन’ किंवा ‘विथड्रॉवल’ असे शब्द वापरतो. बातमीदार मात्र एखाद्या नटाविषयीं किंवा राजकारणी गृहस्थाविषयीं लिहितांना ‘ड्राय आउट’ मोठ्या आवडीनें वापरतात, आणि त्यांत थोडा उपहास असतो. स्वतःविषयीं बोलतांना मनुष्य तो थट्टेनें वापरील. पण दुसऱ्याच्या घरांतील आजारी माणसाविषयीं त्याच्या पत्नीपाशीं हा शब्द उच्चारणें हें असभ्यपणाचें होईल. इंग्रजी बोलण्यांत कितीही सफाई आली तरी शब्दाची ही लज्जत व हा कडवटपणा परभाषिकाला सर्वांत शेवटीं कळतो.

त्याचे शेजारीही पाहिले पाहिजेत. ‘सोबर अप’ म्हणजे त्या रात्रीची धुंदी उतरून भानावर येणें. तो कांहीं तासांचा प्रश्न आहे. ‘स्लीप इट ऑफ’ म्हणजे तेंच काम झोपेवर सोंपविणें. साधारणतः ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगांतील अल्कोहोल संपवावयास यकृताला सुमारें एक तास लागतो, आणि कडक कॉफीनें, लिंबाच्या रसानें किंवा डोक्यावर गार पाणी ओतल्यानें तो वेग वाढत नाहीं. ‘ड्राय आउट’ हा दिवसांचा व्यवहार आहे. अफू, हेरॉइन इत्यादि पदार्थांच्या बाबतींत इंग्रजी भाषा ओलाव्याचें रूपक टाकून मळाचें घेते आणि ‘गेट क्लीन’ म्हणते. औषधाची संवय सोडतांना ‘कम ऑफ’ म्हणते. कोणतेंही व्यसन एका झटक्यांत तोडलें तर त्याला ‘कोल्ड टर्की’ असें नांव आहे. १९८० नंतर मुंबई-पुण्याकडे गर्दचें व्यसन पसरलें, तेव्हां गर्द न मिळाल्यानें होणाऱ्या यातनांना तेथील तरुण ‘टर्की’ म्हणूं लागले. कोशाच्या वाटेनें न येतां एक इंग्रजी शब्द थेट रस्त्यावरून मराठींत आला तो असा.

मराठी भाषेनें या साऱ्या प्रकाराकडे निराळ्या नजरेनें पाहिलें आहे. मराठींत दारू चढते आणि उतरते. ताप चढतो व उतरतो, सापाचें विषही चढतें व उतरतें. त्याच पंक्तीला मराठी माणसानें दारू नेऊन बसविली. म्हणजे ती विष आहे ही गोष्ट भाषेनें वैद्यकशास्त्राची वाट न पाहतांच ओळखली होती असें म्हणावयास हरकत नाहीं. दुसऱ्या बाजूला दारू सोडणें आणि दारू सुटणें हे प्रयोग आहेत. सोडणें हा निश्चय झाला, सुटणें हें त्याचें फळ झालें. ‘सोडली, पण सुटली नाहीं’ असें म्हणणाऱ्या घरच्या माणसाला या दोन क्रियापदांमधील अंतर कोणा वैयाकरणानें समजावून द्यावें लागत नाहीं. मात्र उतरण्याचे तास आणि सुटण्याचीं वर्षें यांच्या मध्यें जे चार-सहा दिवस असतात, त्यांच्यासाठीं घरगुती मराठींत शब्द नाहीं. इंग्रजीचें ‘ड्राय आउट’ नेमकें त्या दिवसांवर बोट ठेवतें. म्हणून त्याचें भाषांतर कठीण जातें. ‘तो वाळत चालला आहे’ असें लिहिलें तर मराठी वाचक त्याला क्षयाचा रोगी समजेल.

आतां या शब्दाचा धोका पाहूं. शब्द असें सुचवितो कीं शरीरांत दारू मुरली आहे, ती बाहेर काढली कीं मनुष्य बरा झाला. ओलें कापड दांडीवर टाकलें कीं तें आपोआप वाळतें, त्याप्रमाणें दारूड्याला खोलींत कोंडून कडी लावली कीं काम झालें. शरीराचा व्यवहार तसा नाहीं. दारू मेंदूची उत्तेजना दाबते. वर्षानुवर्षें रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू त्या दाबाला तोंड देण्यासाठीं आपली उत्तेजना कायमची वाढवून ठेवतो, आणि त्या ओढाताणींतच त्याचा तोल सांभाळला जातो. दारू एकाएकीं बंद झाली कीं दाब नाहींसा होतो, पण वाढवून ठेवलेली उत्तेजना तशीच राहते. सहा-आठ तासांत हात कांपूं लागतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊं शकते. साधारणतः दुसऱ्या दिवसानंतर कांहीं रोग्यांना भ्रम होतो. भिंतीवर किडे व प्राणी दिसतात, ताप येतो, नाडी जोरानें चालते, आपण कोठें आहों याची शुद्ध राहत नाहीं. यालाच ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. ध्यानांत घेण्यासारखें हें कीं यापूर्वींच रक्तांतील दारू बहुधा संपलेली असते. शब्दाच्या हिशेबानें मनुष्य पूर्ण कोरडा झाला, आणि वादळ तर तेथूनच सुरू होतें. शिवाय घाम व उलट्या यांनीं अंगांतील पाणी कमी झालेलें असतें. वैद्याला या ‘वाळविण्याच्या’ उपचारांत रोग्याच्या अंगांत पाणी घालावें लागतें.

वैद्यांनाही ही गोष्ट कळावयास फार काळ लागला. टॉमस सटन या इंग्रज वैद्यानें १८१३ सालीं या भ्रमाचें वर्णन करून त्याला वरील नांव दिलें. परंतु हा भ्रम दारूमुळें होतो, अपुऱ्या अन्नामुळें होतो, कीं दारू तुटल्यामुळें होतो, याविषयीं पुढें शंभराहून अधिक वर्षें एकमत नव्हतें. १९५५ सालीं हॅरिस इस्बेल व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील लेक्झिंग्टन येथील सरकारी रुग्णालयांत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वीं मॉर्फिनचें व्यसन असलेल्या दहा जणांना पुरेसा आहार व जीवनसत्त्वें देऊन त्यांनीं रोज भरपूर दारू पाजली आणि मग ती एकाएकीं थांबविली. जे सहा जण ४८ दिवसांहून अधिक काळ पीत राहिले होते, त्यांच्यापैकीं कांहींना झटके आले व कांहींना भ्रम झाला. अन्नाची उणीव नव्हती. उणीव होती ती दारूचीच. हा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाहीं, आणि बसूं नये हेंच योग्य. पण त्यानें वाद मिटविला.

तेव्हांपासून उपचारांची दिशा स्पष्ट झाली. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखें औषध देऊन मेंदूवरील सुटलेला दाब काहीं दिवस हातीं धरावयाचा आणि मात्रा हळूहळू उतरवीत न्यावयाची; त्याबरोबर थायामिन, म्हणजे ‘ब १’ जीवनसत्त्व, द्यावयाचें, कारण त्याच्या अभावीं मद्यप्याच्या मेंदूला कायमची इजा होऊं शकते. डिलिरियम ट्रेमेन्स झालेल्या रोग्यांपैकीं एके काळीं पुष्कळजण दगावत. वेळेवर उपचार मिळाल्यास आज हें प्रमाण शेंकडा पांचांहून कमी आहे. अर्थात् सणावारीं दोन पेले घेणाऱ्याला यांतील कांहींच होत नाहीं. ज्याला सकाळीं उठतांच हाताचा कंप थांबविण्यासाठीं घोट घ्यावा लागतो, ज्याला पूर्वीं असे झटके येऊन गेले आहेत, त्याची दारू घरांतल्या घरांत एका रात्रींत तोडूं नये. आधीं डॉक्टरांना विचारावें. बिचाऱ्या बायकामुलांनीं शपथ घालावी, बाटल्या मोरींत ओताव्या, दार लावून घ्यावें, आणि तिसऱ्या दिवशीं तो मनुष्य भिंतीशीं बोलूं लागावा, हा प्रकार ज्यांनीं पाहिला आहे त्यांना अशा वेळीं प्रेम पुरत नाहीं हें कळलेलें असतें.

एका घरांत जें घडतें तें २०२० सालीं सबंध समाजावर आलें. त्या वर्षीं मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली आणि दारूचीं दुकानें एकदम बंद पडलीं. केरळांत दारू न मिळाल्यामुळें आजारी पडलेल्यांच्या व आत्महत्यांच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां तेथील सरकारनें ३० मार्च रोजीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याची सोय केली. डॉक्टरांच्या संघटनांनीं तिला कडाडून विरोध केला. या विकारावर औषधें उपलब्ध असतांना दारूच औषध म्हणून लिहून देणें हें शास्त्राला धरून नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. केरळ उच्च न्यायालयानें २ एप्रिल रोजीं त्या आदेशाला स्थगिती दिली. सरकारला धोका दिसला होता हें मान्य केलें पाहिजे. उपायाची निवड चुकली. आणि ज्यांना केवळ धाक किंवा कुलूप पुरेसें वाटतें, त्यांना तर धोकाही दिसलेला नसतो.

‘आउट’ या अव्ययाचा दुसरा खोटेपणा शेवटासंबंधीं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क वेस्ट या रस्त्यावर टाउन्स हॉस्पिटल नांवाचें सधन मद्यप्यांचें रुग्णालय होतें. बिल विल्सन नांवाचे शेअरबाजारांतील गृहस्थ १९३३ व १९३४ या दोन वर्षांत तेथें चार वेळां दाखल झाले. प्रत्येक वेळीं ते कोरडे होऊन बाहेर पडले, आणि पहिल्या तिन्ही वेळां पुन्हां भिजले. १९३४ च्या डिसेंबरांतील चौथ्या खेपेनंतर त्यांनीं मद्याला स्पर्श केला नाहीं. पुढच्या वर्षीं ओहायो संस्थानांतील अॅक्रन गांवीं त्यांची डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशीं गांठ पडली. एके सकाळीं डॉक्टरांना शस्त्रक्रिया करावयाची होती आणि हात थरथरत होते. विल्सन यांनीं त्यांना बियरची एक बाटली दिली. तें डॉक्टरांचें शेवटचें मद्यपान. १० जून १९३५ हा तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. या संघटनेच्या मंडळींनीं ‘ड्राय’ आणि ‘सोबर’ या दोन शब्दांत कटाक्षानें भेद केला. जो पीत नाहीं तो ‘ड्राय’. ज्याचें जगणें पालटलें तो ‘सोबर’. पिणें थांबूनही ज्याची चिडचिड, खोटेपणा व रुसवेफुगवे पूर्वींसारखेच राहिले, त्याला ते ‘ड्राय ड्रंक’, म्हणजे कोरडा दारूडा, म्हणतात. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सुधाकरही मधें दारू सोडतो आणि पुन्हां तिच्याकडे वळतो. मराठी प्रेक्षकाला हा भेद नांवानें ठाऊक नसेल, अनुभवानें ठाऊक आहे.

मग मराठींत काय लिहावें? ‘निर्विषीकरण’ हा शब्द शास्त्राच्या पुस्तकांत ठीक आहे. बोलतांना तो जिभेवर बसत नाहीं. ‘व्यसनमुक्ति’ हा शब्द आतां रूढ झाला आहे, आणि त्याच्या प्रसाराचें पुष्कळसें श्रेय डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यांत सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांना आहे. परंतु तो प्रवासाच्या मुक्कामाचा शब्द आहे; ‘ड्राय आउट’ हा पहिल्या टप्प्याचा. ‘तो व्यसनमुक्त होत आहे’ असें भाषांतर केलें तर मूळ वाक्यांत नसलेलें आश्वासन वाचकाला मिळतें. ‘दारू तोडण्याचे उपचार’ हे साधे शब्द अधिक प्रामाणिक दिसतात. तोडणें या क्रियापदांत वेदना आहे, आणि तुटलेलें पुन्हां जोडलें जाण्याची शक्यताही आहे.

इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही आपल्या अव्ययावर पुरता विश्वास नसावा. ‘डाय आउट’ म्हणजे समूळ नष्ट होणें, त्यापुढें ‘पुन्हां’ सहसा येत नाहीं. ‘ड्राय आउट’च्या मागून मात्र तो शब्द वरचेवर येतो. ‘ही वेंट इन टु ड्राय आउट अगेन’, असें वाक्य नटांच्या चरित्रांत भेटतें. तेव्हां भाषांतरकारानें ‘दारू तोडण्याच्या उपचारांसाठीं तो पुन्हां रुग्णालयांत दाखल झाला’ असें लिहावें, आणि घाईघाईनें त्यांतील ‘पुन्हां’ गाळूं नये.